मलबारचे सागवान, फ्रेंच बांधा : ‘त्रिंकोमाली’ची दोनशे वर्षे

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल नावाचे एक जुने बंदर आहे. तिथल्या गोदीत तीन डोलकाठ्यांचे, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे एक लाकडी जहाज पाण्यावर उभे आहे. ब्रिटनच्या लढाऊ जहाजांपैकी आजही पाण्यावर तरंगणारे सर्वांत जुने जहाज ते हेच. नेल्सनचे ‘व्हिक्टरी’ वयाने मोठे खरे. पण ते १९२२ पासून पोर्ट्समथच्या कोरड्या गोदीत टेकू लावून ठेवलेले आहे, पाण्याशी त्याचा संबंध उरलेला नाही. हार्टलपूलच्या या जहाजाचे नाव ‘त्रिंकोमाली’. जात फ्रिगेट. आणि जन्मगाव मुंबई. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईच्या गोदीतून ते पाण्यात उतरले.

या तारखेकडे मराठी वाचकाने जरा थांबून पाहावे. त्या वर्षीचे नवरात्र नुकते लागले होते. आठवड्याभराने, १९ ऑक्टोबरला, पुण्यात दुसऱ्या बाजीरावाचा शेवटचा दसरा झाला. नेहमीपेक्षा मोठी फौज जमवून झालेल्या त्या दसऱ्याकडे रेसिडेंट एल्फिन्स्टन संशयाने पाहत होता. ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली. म्हणजे घाटाच्या वर मराठी राज्याचा शेवटचा अंक सुरू होत होता, त्याच दिवसांत घाटाखाली कंपनीच्या गोदीत, याच देशातले लाकूड आणि याच देशातले हात वापरून, इंग्लंडच्या राजाच्या आरमारासाठी एक फ्रिगेट तयार झाली. बाजीराव ३ जून १८१८ रोजी माल्कमच्या स्वाधीन झाला. ‘त्रिंकोमाली’ ३० एप्रिल १८१९ रोजी पोर्ट्समथला पोचली तेव्हा पेशवाई संपून वर्ष होत आले होते.

फ्रिगेट म्हणजे काय, हे आधी सांगायला हवे, कारण आज आपण ‘नीलगिरी’ किंवा ‘शिवालिक’ या नौकांना फ्रिगेट म्हणतो आणि शिडांच्या काळातली फ्रिगेट वेगळी होती. त्या काळी समोरासमोर रांग धरून लढणारी मोठी जहाजे दोन किंवा तीन मजली तोफांची असत. फ्रिगेटला मुख्य तोफांचा मजला एकच. ती रांगेत लढायची नाही. शत्रूचा माग काढायचा, व्यापारी तांड्यांना सोबत करायची, शत्रूचे व्यापारी जहाज पकडायचे, निरोप पोचवायचे, आणि जगाच्या दूरच्या कोपऱ्यात एकट्याने सरकारचा झेंडा मिरवायचा, ही तिची कामे. वेग आणि टिकाव या दोन्ही गोष्टी तिला लागत, आणि या दोन गोष्टी एका जहाजात सहज नांदत नाहीत. वेगासाठी हलका, निमुळता बांधा हवा. टिकावासाठी जाड लाकूड हवे.

‘त्रिंकोमाली’चा बांधा मूळचा फ्रेंच. झाक-नोएल साने या फ्रेंच नौकाशिल्पकाराने आखलेली ‘एबे’ नावाची फ्रिगेट १७८२ मध्ये सेंट मालो इथे तयार झाली, आणि त्याच वर्षी ४ सप्टेंबरला इंग्रजांच्या हाती सापडली. तिला पकडणारे ‘रेनबो’ हे जुनाट जहाज प्रयोग म्हणून नुसत्या कॅरोनेड तोफांनी भरलेले होते. कॅरोनेड ही आखूड नळीची तोफ. पल्ला कमी, पण गोळा प्रचंड. ‘रेनबो’च्या नाळेवरून आलेला पहिलाच गोळा पाहून फ्रेंच कप्तानाने हिशेब केला की पुढच्या टोकाला एवढी मोठी तोफ असलेले जहाज फ्रिगेट असूच शकत नाही, हे मोठे लढाऊ जहाज असणार. त्याने फार न लढता झेंडा उतरवला. चुकीच्या अंदाजाने गमावलेल्या त्या जहाजाची इंग्रजांनी मापे घेतली, आराखडे काढले, आणि त्यावरून १८०० मध्ये ‘लीडा’ बांधली. पुढची तीस वर्षे त्याच आराखड्यावर थोडेफार फेरफार करीत चाळीसहून अधिक फ्रिगेटी निघाल्या. अमेरिकेची ‘चेसापीक’ पंधरा मिनिटांत जिंकणारी ‘शॅनन’ याच घराण्यातली.

योगायोग असा की ‘एबे’ पकडली गेली त्याच्या आदल्याच दिवशी, ३ सप्टेंबर १७८२ ला, सिंहलद्वीपाच्या पूर्व किनाऱ्यावर त्रिंकोमालीसमोर इंग्रज दर्यासारंग ह्यूज आणि फ्रेंच दर्यासारंग सुफ्रँ यांची लढाई झाली. मुंबईतल्या फ्रिगेटला नाव मिळाले ते या लढाईवरून. नाव जपण्याजोगा विजय मात्र तो नव्हता. बंदर फ्रेंचांनी आधीच घेतले होते आणि लढाई अनिर्णित राहिली. पण तिच्यातून एक गोष्ट दिसली होती. मार खाल्लेला ह्यूज जहाजे दुरुस्त करायला मुंबईला येऊ शकला. सुफ्रँला हिंदी महासागरात अशी जागाच नव्हती. मुंबईत कोरडी गोदी होती. पूर्वेकडच्या समुद्रात इंग्रजांचे जे चालले त्यात तोफांइतकाच या गोदीचा वाटा आहे, आणि आपल्या इतिहासलेखनात तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही असे मला वाटते.

मुंबईची गोदी उभी राहिली ती भरती-ओहोटीच्या जोरावर. इथे उधाणाच्या वेळी पाणी पंधरा फुटांहून अधिक चढते-उतरते. भरतीला दरवाजे उघडून जहाज आत घ्यायचे, ओहोटीला पाणी निघून गेले की दरवाजे बंद करायचे. पाणी उपसण्याचे बरेचसे काम समुद्रच करतो. सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया हा पारशी सुतार १७३६ मध्ये कंपनीच्या बोलावण्यावरून काही कारागिरांसह मुंबईत आला. १७५० मध्ये इथली पहिली कोरडी गोदी झाली. गव्हर्नर जोनाथन डंकन याच्या नावाची मोठी गोदी १८१० पर्यंत पुरी झाली. जहाज पाण्यात उतरवण्याचा दिवसही याच हिशेबाने धरावा लागे. १२ ऑक्टोबर १८१७ ची तिथी काढून पाहिली तर अमावास्या नुकतीच होऊन गेलेली दिसते, म्हणजे उधाणाची भरती.

लवजीचा नातू जमशेटजी बमनजी वाडिया हा ‘त्रिंकोमाली’चा शिल्पकार. १७५४ चा जन्म, त्यामुळे कामाला हात घातला तेव्हा साठी उलटलेली. त्याच्या हातून आधी काय काय झाले होते? १८०५ मध्ये ‘साल्सेट’ ही फ्रिगेट. साल्सेट म्हणजे आपली साष्टी, जी इंग्रजांनी १७७४ मध्ये मराठ्यांकडून घेतली. तीस वर्षांनी तिचेच नाव राजाच्या जहाजाला. १८१० मध्ये ७४ तोफांचे ‘मिंडेन’, ब्रिटनबाहेर बांधले गेलेले रॉयल नेव्हीचे पहिले मोठे रांगेतले लढाऊ जहाज. १८१३ मध्ये ‘कॉर्नवॉलिस’, ज्याच्यावर १८४२ मध्ये चीनला नानकिंगच्या तहावर सही करावी लागली आणि हाँगकाँग गेले. १८१५ मध्ये ‘वेलस्ली’, जे शेवटी १९४० मध्ये टेम्स नदीत जर्मन विमानांच्या बॉम्बने बुडाले. जमशेटजीबद्दल वाडियांच्या घराण्यात एक गोष्ट सांगितली जाते: १८०० मध्ये कंपनीसाठी बांधलेल्या एका जहाजाच्या आतल्या लाकडावर, कोणाच्या सहज नजरेस पडणार नाही अशा जागी, त्याने कोरून ठेवले होते की हे जहाज एका ‘काळ्या’ माणसाने बांधले. त्यात एक शिवीही होती. गोऱ्यांच्या तोंडी असायची तीच, त्याने स्वतःलाच लावून घेतलेली. गोष्ट अक्षरशः खरी असो वा नसो, घराण्याला ती जपावीशी वाटली हे महत्त्वाचे.

इंग्रजांनी राजाची जहाजे मुंबईत बांधायला का घेतली? प्रेमापोटी नव्हे. नेपोलियनबरोबरच्या वीस-बावीस वर्षांच्या युद्धात इंग्लंडमधला ओक संपत आला होता. एका मोठ्या जहाजाला हजारो झाडे लागतात आणि ओकचे झाड कामाला यायला शंभरेक वर्षे घेते. मुंबईला सागवान होते. सागाच्या अंगात तेल असते. त्यामुळे पाणी आणि समुद्रातली कीड त्याला लवकर भिडत नाही. दुसरी गोष्ट अधिक नेमकी: ओकच्या लाकडात आम्ल असते, ते आत ठोकलेले लोखंडी खिळे खाते आणि खिळा सैल झाला की फळी सुटते. सागात लोखंड वर्षानुवर्षे शाबूत राहते. त्यामुळे मुंबईची जहाजे ओकच्या जहाजांपेक्षा कितीतरी अधिक टिकतात हे समुद्रावरच्या लोकांना अनुभवाने ठाऊक होते. तरीही इंग्लंडातल्या गोद्यांचे मालक आणि सुतार मुंबईच्या जहाजांविरुद्ध ओरड करीत राहिले. धंद्याच्या पोटदुखीला लाकडाचे गुण दिसत नाहीत.

हे सागवान मलबारातून येई. तिथल्या डोंगरात तोडलेले ओंडके नद्यांतून खाली सोडत आणि किनाऱ्याने मुंबईला आणत. आपण ‘मुंबईचे जहाज’ म्हणून अभिमान मिरवताना हा दुवा नेहमी गाळतो. १८०६ मध्ये कंपनीने कॅप्टन वॉटसन नावाच्या अधिकाऱ्याला मलबार-त्रावणकोरच्या जंगलांचा रक्षक नेमले. हिंदुस्थानातला हा पहिला वनरक्षक. त्याने रक्षण केले ते आरमाराच्या पुरवठ्याचे. सागाच्या झाडांवर फक्त कंपनीचा हक्क असल्याचे जाहीर झाले, जमीनमालकांनी स्वतःच्या रानातला साग तोडायचा नाही, शेतकऱ्यांनी जुन्या वहिवाटीने लाकूड आणायचे नाही. तक्रारी इतक्या वाढल्या की १८२३ मध्ये मद्रासचा गव्हर्नर टॉमस मन्रो याने ही सगळी व्यवस्थाच मोडून टाकली. ‘त्रिंकोमाली’चा कणा १८१६ च्या एप्रिलमध्ये घातला गेला, म्हणजे वॉटसनच्या मक्तेदारीच्या ऐन अमलात. पुढे जंगल इतके विरळ झाले की १८४० च्या दशकात मलबारचा कलेक्टर कॉनोली याला निलंबूर इथे सागाची रोपे लावायला घ्यावी लागली.

जहाजाची मागणी मात्र नोंदली गेली होती त्याच्या कितीतरी आधी, ३० ऑक्टोबर १८१२ रोजी. मधली साडेतीन वर्षे कुठे गेली? त्याचे उत्तर ब्राझीलच्या किनाऱ्यावर आहे. लंडनहून आराखडे मुंबईला निघाले ते ‘जावा’ या फ्रिगेटवरून. ‘जावा’वर मुंबईत बांधल्या जाणाऱ्या जहाजांच्या तळाला लावायचे तांब्याचे पत्रेही होते, आणि मुंबईच्या फौजेचा सरसेनापती म्हणून नेमलेला सर टॉमस हिस्लॉपही होता. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलसमोर तिची गाठ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’शी पडली. ‘जावा’चा कप्तान लँबर्ट मरणाच्या वाटेला लागला, जहाज इतके मोडले की अमेरिकनांनी ते सोबत न नेता जाळून टाकले. आराखडे गेले. लंडनला ते पुन्हा काढून धाडावे लागले. ‘कॉन्स्टिट्यूशन’ बॉस्टनच्या बंदरात आजही तरंगते आहे. कागद बुडवणारे जहाज आणि त्या कागदांवरून उशिरा जन्मलेले जहाज, दोन्ही अजून पाण्यावर आहेत.

हिस्लॉप कैदेत पडला, शब्दावर सुटला. दोन वर्षांत त्याची नेमणूक मद्रासच्या फौजेवर झाली. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला होळकरांच्या फौजेचा मोड करणारा इंग्रज सेनापती हाच.

आराखडे मिळाल्यावर मुंबईकरांनी आधी ‘ॲम्फिट्रायटी’ ही जोडबहीण बांधली. ती १८१६ च्या एप्रिलमध्ये पाण्यात गेली आणि लगोलग ‘त्रिंकोमाली’चे काम सुरू झाले. वाडियांच्या रिवाजाप्रमाणे कण्यात चांदीचा खिळा ठोकून विधी झाला. तोफांच्या मजल्याची लांबी दीडशे फूट, रुंदी चाळीस फुटांच्या आसपास, वजन तेव्हाच्या मोजणीने १०६५ टन. मुख्य मजल्यावर अठरा पौंडी गोळ्याच्या २८ तोफा, वरती कॅरोनेडी आणि नऊ पौंडी तोफा. मागणी नोंदली तेव्हा ती ३८ तोफांची फ्रिगेट होती. पाण्यात उतरली तेव्हा ४६ तोफांची. एकही तोफ वाढवलेली नव्हती. त्याच वर्षी आरमाराने नियम बदलला आणि आजवर हिशेबात न धरलेल्या कॅरोनेडी मोजायला सुरुवात केली. सरकारी आकड्यांवर विसंबणाऱ्या इतिहासकारांनी हे लक्षात ठेवावे. सगळा खर्च सुमारे २३,००० पौंड झाला. ती इंग्लंडला नेण्यासाठी आणखी ६,६०० पौंड लागले.

श्रेयाच्या वाटणीबद्दल इथेच बोलून घेतो. आपल्याकडे दोन टोकाच्या भूमिका दिसतात. एक म्हणते, हे भारतीय नौकाशास्त्राचे शिखर. दुसरी म्हणते, आराखडा त्यांचा, पैसा त्यांचा, आपले फक्त मजूर. दोन्ही अपुऱ्या आहेत. या जहाजाच्या बांध्यात जमशेटजीची कल्पना नाही. आराखड्यापासून ढळायची त्याला मुभा नव्हती, आणि तो आराखडाही इंग्रजांचा स्वतःचा नव्हता, फ्रेंचांचा उचललेला होता. पण कागदावरच्या रेषेपासून समुद्रावर टिकणाऱ्या जहाजापर्यंतचे अंतर फार मोठे असते. कोणत्या ओंडक्याचा नैसर्गिक बाक कोणत्या फासळीला जुळेल हे आराखडा सांगत नाही. लाकूड किती मुरले आहे, कुठली गाठ पुढे दगा देईल, दोन फळ्यांचा सांधा किती घट्ट बसवायचा, हे ओळखणारी नजर लवजीपासून तीन पिढ्या मुंबईत तयार होत गेली होती. जहाजाचे वय पाहता श्रेयाचा जो भाग मुंबईकडे जातो तो नेमका टिकण्याचा आहे. आणि वाडियांचे नाव तरी उरले. करवतीने ओंडके फाडणारे, फटींत धागा ठासून डांबर भरणारे, लोहार, हमाल, पारशी सुतारांच्या बरोबरीने राबणारे हिंदू सुतार, यांतल्या एकाचेही नाव या जहाजाच्या कहाणीत येत नाही.

हा तुटलेला दुवा कोकणच्या बाबतीत अधिक बोचतो. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गच्या खाडीत आंग्र्यांचे आरमार जळाले. इंग्रजांनी ते जाळले आणि नानासाहेब पेशव्यांची फौज जमिनीवरून त्यांच्या मदतीला होती. जहाजे बांधणारे हात त्यानंतरही कोकणात राहिले, पण मोठे जहाज मागणारी सत्ता राहिली नाही. वाडियांकडे मागणी होती आणि गोदी होती. कसबाला गिऱ्हाईक लागते, आणि ते गिऱ्हाईक आपण आपल्या हाताने घालवले होते.

मुंबईहून निघालेली ‘त्रिंकोमाली’ २४ जानेवारी १८१९ रोजी सेंट हेलेनाला पोचली. सहा दिवसांनी निघताना तिच्यावर एक जादा प्रवासी होता: जॉन स्टोको, आरमाराचा शल्यवैद्य. बंदिवान नेपोलियनला तपासून त्याने यकृताचा आजार असल्याचे सांगितले होते. बेटाचा गव्हर्नर हडसन लो याला हे निदान राजकीयदृष्ट्या गैरसोयीचे होते, कारण आजाराचा दोष बेटाच्या हवेवर आणि पर्यायाने सरकारवर येत होता. स्टोकोला त्याच वर्षी परत सेंट हेलेनाला बोलावून त्याच्यावर लष्करी खटला चालवला गेला आणि नोकरीतून काढण्यात आले. निदान केल्याबद्दल नोकरी गमावलेला हा वैद्य ‘त्रिंकोमाली’चा पहिला उल्लेखनीय प्रवासी.

पोर्ट्समथला पोचल्यावर काय झाले? काहीच नाही. युद्ध संपून चार वर्षे झाली होती. शेकडो जहाजे रिकामी उभी होती. नव्या कोऱ्या फ्रिगेटच्या डोलकाठ्या काढल्या, वर छप्पर घातले आणि तिला बाजूला लावून ठेवले. सव्वीस वर्षे ती तशीच होती. मी या जहाजाच्या इतिहासात सर्वांत महत्त्वाचा काळ हाच मानतो. जी जहाजे कामावर गेली ती झिजली, फुटली, मोडीत निघाली. ही निजून राहिली म्हणून वाचली. याला पुरावा असा की ‘लीडा’ घराण्यातल्या त्या चाळीसहून अधिक फ्रिगेटींपैकी आज फक्त दोन शिल्लक आहेत, आणि दुसरी, स्कॉटलंडमधल्या डंडीची ‘युनिकॉर्न’, जन्मभर छपराखाली उभी होती, समुद्रावर कधी गेलीच नाही.

१८४५ मध्ये ‘त्रिंकोमाली’ला जाग आली. तोफा ४६ वरून २६ वर आणल्या, पण जड जातीच्या. मागचा भाग गोलाकार केला. दर्जा फ्रिगेटवरून कॉर्व्हेटवर उतरला. वाफेची जहाजे तोवर आली होती, तरी दूरच्या समुद्रात कोळसा कुठून मिळणार? तिथे शीडच कामाचे. १८४७ ते १८५० ती उत्तर अमेरिका आणि वेस्ट इंडीजच्या पाण्यात होती. हैतीतल्या दंगलींच्या वेळी हजर, क्यूबावर होऊ घातलेली स्वारी रोखण्यासाठी उभी, गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांवर पाळत, मग न्यूफाउंडलंड आणि लॅब्राडोर. मलबारी सागाच्या जहाजाने आफ्रिकी गुलामांच्या वाहतुकीवर पहारा ठेवला हे वाचायला बरे वाटते.

दुसरी सफर पॅसिफिकची, १८५२ ते १८५७. ही गुंतागुंतीची आहे. आर्क्टिकमध्ये हरवलेल्या फ्रँकलिनच्या शोधासाठी गेलेल्या जहाजांना रसद पोचवायला ती बेरिंगच्या सामुद्रधुनीपर्यंत गेली. मुंबईच्या ऑक्टोबरच्या उकाड्यात जन्मलेले लाकूड बर्फाच्या कडेला जाऊन आले आणि त्याला काही झाले नाही. क्रिमियाच्या युद्धात इंग्रज-फ्रेंच आरमाराने १८५४ मध्ये रशियाच्या कामचाटका द्वीपकल्पावरील पेट्रोपाव्हलोव्हस्कवर हल्ला करून मार खाल्ला होता. चढाईच्या तोंडावर इंग्रज दर्यासारंग प्राइस याने स्वतःवर गोळी झाडून घेतली होती. पुढच्या वर्षी मोठा ताफा गेला. त्यात ‘त्रिंकोमाली’ होती आणि ‘ॲम्फिट्रायटी’ही. मुंबईच्या गोदीत पाठोपाठ बांधलेल्या दोन बहिणी चाळीस वर्षांनी कामचाटकासमोर एकत्र. बंदरात शिरून पाहतात तर रशियन केव्हाच गाव सोडून गेलेले.

१८५६ च्या उन्हाळ्याअखेरीस ती व्हँकुव्हर बेटाशी होती. काउइचन खोऱ्यातल्या आदिवासींपैकी एकाने एका गोऱ्या वसाहतवाल्यावर गोळी झाडली होती. तो माणूस मेला नाही. तरी गव्हर्नर जेम्स डग्लस ‘त्रिंकोमाली’चे आणि तिच्या सोबतीच्या ‘मोनार्क’चे मिळून चारशेवर खलाशी-सैनिक घेऊन खोऱ्यात उतरला, आरोपीला पकडले, तिथल्या तिथे खटला चालवला आणि त्याच्याच लोकांदेखत फाशी दिली. चाळीस वर्षांपूर्वी मलबारच्या जंगलात ज्यांचा हक्क गेला आणि काउइचनच्या खोऱ्यात ज्यांची जमीन चालली होती, त्यांच्यामध्ये हे जहाज आहे. ब्रिटिश कोलंबियाच्या नकाशावर एका सागरी वाटेला आजही ‘त्रिंकोमाली चॅनल’ म्हणतात, आणि जवळच्या दुसऱ्या वाटेला तिच्या कप्तानाचे, ह्यूस्टनचे नाव आहे. सबंध नौकासेवेत तिने शत्रूच्या जहाजाशी एकही लढाई केली नाही.

पुढचे झटपट सांगण्याजोगे आहे. १८५७ मध्ये परत. १८६० नंतर राखीव खलाशांच्या शिक्षणासाठी, काही वर्षे वेस्ट हार्टलपूललाच. १८७५ मध्ये ‘ॲम्फिट्रायटी’ मोडली. १८९५ मध्ये ‘त्रिंकोमाली’ पुन्हा राखीव, आणि १९ मे १८९७ रोजी भंगारात विकली. एवढ्यात ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर दुसऱ्याच एका जहाजाचा अपघात झाला. जेफ्री व्हीटली कॉब या धनिकाने नेल्सनचे जुने जहाज ‘फुद्रोयां’ विकत घेऊन मुलांना समुद्राचे शिक्षण द्यायला ठेवले होते. जून १८९७ च्या वादळात ते फुटले. कॉबला दुसरे जहाज हवे होते. त्याने भंगारवाल्याकडून ‘त्रिंकोमाली’ घेतली, तिला ‘फुद्रोयां’ हेच नाव दिले, आणि पुढे जवळजवळ नव्वद वर्षे, १९८६ पर्यंत, तिच्यावर मुले-मुली झोपाळ्यात झोपून दोरखंड आणि होड्या शिकत राहिली. पोर्ट्समथच्या बंदरात तिच्या शेजारी ‘इम्प्लॅकेबल’ हे ट्रफाल्गरच्या लढाईतले फ्रेंच जहाज उभे असे. त्याच्या दुरुस्तीला पैसे नाहीत म्हणून २ डिसेंबर १९४९ रोजी सरकारने ते समुद्रात नेऊन, फ्रेंच आणि इंग्रज दोन्ही झेंडे फडकवत बुडवले. इंग्रज लोकांना या गोष्टीची पुढे फार टोचणी लागली आणि जुनी जहाजे वाचवण्याची तिथली चळवळ बरीचशी त्या टोचणीतून वाढली.

१९८७ मध्ये ‘फुद्रोयां’ला तराफ्यावर चढवून हार्टलपूलला आणले. तिथली मोठी जहाजे बांधण्याची परंपरा संपून पंचवीस वर्षे झाली होती, बेकारी होती, आणि हाताला काम हवे असलेले कुशल लोक होते. १९९२ मध्ये तिला तिचे जुने नाव परत मिळाले. काम २००१ मध्ये पुरे झाले. खर्च एक कोटी पौंडांच्या वर. फळ्या काढून पाहिल्यावर निम्म्याहून बरेच अधिक लाकूड मूळचेच ठेवता आले. म्हणजे आज त्या जहाजाला हात लावला तर बहुतेक ठिकाणी तो जमशेटजीच्या माणसांनी रंधलेल्या सागावरच पडतो.

इथे मुंबईचा विषय टाळता येत नाही. १९७१ च्या युद्धात भाग घेतलेली आपली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ १९९७ मध्ये निवृत्त झाली. ती काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उघडी होती. मग देखभालीला पैसे कोणी द्यायचे यावर केंद्र, राज्य आणि नौदल यांच्यात टोलवाटोलवी झाली, २०१४ मध्ये ती साठ कोटींना भंगारात गेली, सर्वोच्च न्यायालयानेही आडकाठी काढली, आणि त्या वर्षाच्या नोव्हेंबरात दारूखान्याला तिच्यावर गॅसकटर चालू झाले. दारूखाना वाडियांच्या गोदीपासून फार दूर नाही. पोलादाचे जहाज राखणे लाकडाइतकेच खर्चिक असते हे खरे, आणि ‘विक्रांत’ ‘त्रिंकोमाली’च्या कितीतरी पट मोठी होती हेही खरे. पण हार्टलपूल हे लाखभर वस्तीचे, कारखाने बंद पडलेले गाव आहे. मुंबई नाही.

डंकन गोदी अजून वापरात आहे. नौदलाच्या आवारात असल्याने सामान्य माणसाला ती पाहता येत नाही. ‘त्रिंकोमाली’च्या नाळेवर मात्र एक चेहरा आहे, तो कोणालाही तिकीट काढून पाहता येतो: पागोटे घातलेल्या पौर्वात्य पुरुषाचा लाकडी पुतळा. तो मुंबईत कोरलेला नाही; १८४५ च्या सुमारास जहाज पुन्हा सजवताना इंग्लंडातल्या कारागिरांनी तो मनाने केला. जमशेटजीचे खरे चित्र ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात आहे. त्यातही डोक्याला पागोटे आहे, पारशी पद्धतीचे, आणि हातात जहाजाचा आराखडा.